मोठा शब्द

किल्लीवाल्याने पुस्तक उघडलं आणि अख्खा दुसरीचा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघू लागला.

दुकानात असं कुणी बघत नसे. गिऱ्हाईक किल्ली पुढे ठेवी, तो तशीच दुसरी घासून देई. बोलायची पाळी येत नसे, म्हणूनच तर त्याला तो धंदा मानवला होता. लहानपणापासून त्याची जीभ अडायची. पण वाचनदिनाला कुणाचे आईबाबा गोष्ट वाचतील, असं बाईंनी विचारलं तेव्हा चिमीने सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. "माझे बाबा! ते भारी वाचतात." घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा त्याला ते नकोच वाटलं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पहिली दोन पानं निभावली. सशाचं पिल्लू बिळात एकटंच होतं. बाहेर खरखर झाली. पिल्लाने हळूच दार उघडलं.

"बाहेर उभं होतं..."

पुढचा शब्द घशातच रुतला. तोंड उघडं, आवाज नाही. त्याचे कान तापले, मानेची शीर ताठ झाली. मागच्या बाकावरचा दात पडलेला मुलगा फिसकन हसला. ते हसू बाकाबाकांवरून पुढे येऊ लागलं.

बाई मायाळू होत्या. त्या चटकन पुढे आल्या आणि पुस्तकाला हात लावत म्हणाल्या, "राहू द्या हं. पुढचं मी वाचते."

त्याने पुस्तक सोडूनही दिलं.

"थांबा ना, बाई!" चिमी उठून उभी राहिली होती. चांगलीच चिडली होती ती. "आत्ता तर मजा येणार होती! तो शब्द मोठा आहे. मोठ्या शब्दाला यायला वेळ लागतो."

"कोण आहे गं बाहेर?" शेजारणीने तिची बाही ओढली.

"मला माहितीये. पण मी नाही सांगणार. बाबाच सांगतील."

हसू विरलं. "भूत असणार," कुणीतरी कुजबुजलं. "गप रे!" दुसरं कुणीतरी म्हणालं. बाईंनी पुस्तक त्याच्या हातात परत दिलं आणि त्या पहिल्या बाकाच्या कडेला टेकल्या.

तो लेकीकडे बघत राहिला. घरीही तो याच पानावर अडायचा. ती पांघरूण नाकापर्यंत ओढून गप्प पडून राहायची. त्याला वाटायचं, पोर आपल्याला सांभाळून घेते.

"अस्वल!"

शब्द सुटला तो केवढ्यांदा! पुढची रांग किंचाळत मागच्या रांगेवर कोसळली.

त्यानंतरही तो बऱ्याचदा अडला. दर वेळी वर्ग थोडा पुढे सरकून बसला.

मधल्या सुट्टीत तो फाटकाकडे निघाला, तेव्हा वर्गाच्या खिडकीतून आवाज आला. तो दात पडलेला मुलगा तेच पुस्तक घेऊन वाचत होता.

"बाहेर उभं होतं..."

आणि मुलगा थांबला. तोंड उघडं, आवाज नाही.

किल्लीवाल्याचे पाय जागीच खिळले. नक्कल! त्याची मान आपसूक खाली गेली. आता हशा पिकेल म्हणून तो थांबला. हशा आलाच नाही. त्याने खिडकीतून आत डोकावलं.

मुलं एकमेकांना घट्ट धरून बसली होती. तो शब्द सगळ्यांनाच माहीत होता, आणि कुणीही तो बोलून टाकत नव्हतं.