गवंड्याचा उजवा हात

फिजिओथेरपीच्या बाईंनी गवंड्याच्या उजव्या तळहातात सुई टोचली. तो हूं की चूं करेना. बाईंनी कागदावर पुन्हा ‘हालचाल नाही’ असं लिहिलं. हात मेलेला, मग कपाळावर घाम कसला, असा संशय त्यांना यायला हवा होता. पण अजून चार घरं गाठायची होती.

निघताना मुलीनं त्यांना दारात गाठून नेहमीचं बजावलं. बाबांचा हात सुधारला तर आधी मला कळवा, त्याच दिवशी मी आईला माझ्याकडे घेऊन जाईन. ती हळू बोलली, पण अर्धांगवायूत कान शाबूत राहतात.

या हातानं तीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ उभ्या केल्या, आणि घरी येऊन बायकोला आडवं केलं. एकदा तिचा जबडा मोडला. जिन्यावरून पडले, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. घर तळमजल्यावर होतं.

मग झटका आला. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी चर्चमधले पाळक हॉस्पिटलात येत, ते याच्याही उशाशी बसू लागले. येशू तुमच्यासारख्यांसाठीच आला, असं ते म्हणाले तेव्हा गवंडी हमसून हमसून रडला. घरी आल्यावर रोज प्रार्थना करू लागला. पाणी मागताना बायकोला ‘जमेल तेव्हा दे’ म्हणू लागला. मेहुण्याला हसू आवरेना. हात उचलता येत नाही म्हणून संत झालेत, उचलता आला की बघ, असं त्यानं बहिणीला सांगून ठेवलं.

त्याला खोटं पाडायला गवंड्यानं हात उचलून दाखवायला हवा होता, आणि नेमकं तेच तो करत नव्हता. खरं तर हात सहाव्या महिन्यातच चादरीखाली हलू लागला होता. घरातली भीती गेलीय, ती परत कशाला आणा, अशी त्यानं मनाची समजूत घातली. ती निम्मी खरी होती. उरलेली निम्मी अशी, की हात बरा झाला तर बायको जाणार. सगळं देवाच्या स्वाधीन केलं होतं, एवढा एक हात सोडून.

शेवटी त्यानं पाळकांना सांगितलं.

“देवानं तुम्हाला माफ केलंय, दादा,” ते म्हणाले. “पण वहिनींनी राहायचं की जायचं, हे तुम्ही ठरवू नका.”

दोन दिवस त्यानं हात चादरीखालीच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको नेलकटर घेऊन शेजारी बसली, तिनं त्याच्या उजव्या करंगळीपासून सुरुवात केली. गवंड्यानं डोळे मिटून येशूचं नाव घेतलं.

“हात बरा झालाय,” तो म्हणाला. “पाच महिने झाले. पोरीला फोन कर. तू जा.”

तिनं मान वर केली नाही. अनामिकेचं नख कापून त्यावर फुंकर मारली.

“माहितेय. नखं कापताना पुढचं बोट दर वेळी तुम्हीच सरकवता. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून दारापर्यंत गेले होते. मग परत आले आणि उरलेली तीन कापली.”