शनिवारचं विमान

अराबा होड्या बांधायच्या शेडमध्ये शिरली तेव्हा कोबिना पाठमोरा उभा राहून फळीवर रंधा मारत होता. बाजूच्या बाकावर बॅग उघडी पडली होती. तिच्यात नवाकोरा लोकरीचा कोट आणि कोटावर पासपोर्ट.

म्हणजे मेन्सिमा मावशी खरं सांगत होती.

सहा वर्षांनी, कुणालाही न कळवता, अराबा आज सकाळी समुद्रकाठच्या आपल्या गावी, एल्मिनात उतरली होती. पुलाजवळ मासे भाजत बसलेल्या मेन्सिमा मावशीने तिचा कोट, तिचे बूट पाहिले आणि हाक मारली, "ए ब्रोनी, मासा घेतेस का?" ब्रोनी म्हणजे गोरी. इंग्लंडात, लीड्समध्ये सहा वर्षं काळी म्हणून वावरलेली बाई आपल्याच गावच्या पुलावर गोरी ठरली! अराबाने गावच्या अस्सल फान्टी बोलीत एक शिवी हासडली, तेव्हा कुठे मावशीला ओळख पटली. गळ्यात पडून ती म्हणाली, "अगं, तू आलीस नि तुझा कोबिना निघाला. शनिवारचं विमान आहे. तुझ्याच इंग्लंडला!"

आता कोबिनाने मागे वळून पाहिलं. रंधा त्याच्या हातातच राहिला.

"किती दिवसांसाठी?" त्याने विचारलं.

"कायमची. सोमवारपासून सरकारी दवाखान्यात रुजू होतेय. बाळंतपणाच्या वॉर्डात."

तो मटकन फळीवर बसला. बॅगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याची पंचाईत झालीय, असं अराबाला वाटलं. मावशीने सांगितलं होतं, दोनदा व्हिसा नाकारला गेला होता त्याचा. आता कुठे मिळाला होता.

गप्प राहणं सोपं होतं. पण ती गेली तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "मी कशाला येऊ? लोकांना होड्या इथे लागतात." इंग्लंड त्याच्या डोक्यात भरवलं ते तिनेच, फोनवरून, दर रविवारी.

"कोबिना, मी तुला खोटं सांगत आले," ती म्हणाली. "एका म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायला गेले. मला म्हणाला, हात लावू नकोस, गोरी नर्स पाठव. त्याचं एवढं नाही लागलं मला. आमची मोठी नर्स म्हणाली, यापुढे तू त्याच्या खाटेकडे फिरकूच नकोस. जणू चूक माझीच. त्याच संध्याकाळी मी तुला बर्फाच्या गमती सांगितल्या. त्यानंतर फोन करायची लाजच वाटायला लागली."

कोबिनाने रंधा बाजूला ठेवला.

"पळून नाही आले मी. लेखी तक्रार केली. त्या बाईला सगळ्या वॉर्डासमोर माझी माफी मागावी लागली. मग आणखी चार महिने तिथेच ताठ मानेने काम केलं आणि मला हवं तेव्हा राजीनामा दिला." तिने श्वास घेतला. "तुला जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण तिथे सगळं गोडच आहे असं समजून जाऊ नकोस."

"बर्फाच्या गमती सांगताना तू सात वेळा हसलीस," कोबिना म्हणाला. "वाक्य संपलं की हसायचीस. तू काय अशी हसणारी बाई आहेस?"

अराबा बाकावर, बॅगेशेजारी बसली.

"मग फोनच बंद झाले. आठ महिने! मावशी म्हणाली, तिला तिथे कुणीतरी भेटला असेल. मी म्हटलं, भेटला असेल तर तसं तिने मला तोंडावर सांगावं."

"म्हणून तू राहायला निघालास तिकडे?"

"राहायला? मी?" त्याने अंगावरचा भुसा झटकला, पासपोर्टमधून विमानाचे कागद काढले आणि तिच्या हातात ठेवले.

"नीट बघ. जायचं तिकीट एकच आहे," तो म्हणाला. "यायची दोन."