सोळा चौकोन

"ही खुर्ची कोणी निवडली? बसलं की आधी हिचाच सूर लागतो," दादा पुटपुटला.

"तिचा तरी लागतो," शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण म्हणाली. माइकपाशी उभी असलेली वहिनी खुदकन हसली. गिटारवाला लांब्या हसला नाही. शनिवारचा कार्यक्रम डोक्यावर आला होता आणि शाळेचा हा रिकामा वर्ग त्यांना पाचपर्यंतच मिळाला होता.

दादापुढे ड्रम नव्हते. जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं, त्यावर सोळा रबरी चौकोन. अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा धाकटीनं त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला एकेक ठोका कापून एकेका चौकोनात भरला होता. बोट ठेवायचं, की दादाचाच ठोका वाजणार. त्या हाताच्या दोन बोटांवर त्यानं सहा कार्यक्रम निभावले होते.

"शनिवारी हा खोका नको," दादा म्हणाला. "माळ्यावरून ड्रम काढा. सहा कार्यक्रमांत माझा एक ठोका चुकला नाही. हात परत आलाय."

लांब्या गिटारच्या तारा जुळवायला लागला. त्या जुळलेल्याच होत्या.

"माळ्यावर धूळ फार झालीय," वहिनी म्हणाली.

"मग पुसू की! चला, एकदा गाणं घेऊ."

धाकटीनं नेहमीसारखं "एक, दोन, तीन" म्हणत यंत्राच्या कडेचं एक बटण दाबलं. दादाची बोटं चालू लागली. वहिनीनं तोंड उघडलं. तिसऱ्या ओळीला घामानं दादाचा चष्मा घसरला, नाकाच्या शेंड्यावर आला आणि पडला. दादानं तो डाव्या हातानं हवेतच झेलला. त्या हिसक्यात उजवा हात चौकोनांवरून घसरून मांडीवर पडला.

ठोके चालूच राहिले.

चष्मा छातीशी धरून दादा बघत बसला. सोळा चौकोनांवरचे दिवे आपापले पेटत होते, विझत होते. कडव्याच्या शेवटी एक ठोका गाळून पुढच्यावर उडी घ्यायची दादाची खास खोड होती. यंत्रानं तीही घेतली. हुबेहूब.

वहिनीचा आवाज मधेच तुटला. मग गिटार थांबली. यंत्र बंद करायला मात्र कोणाचा हात पुढे होईना.

दादानं एका चौकोनावर बोट ठेवलं. काही नाही. दुसऱ्यावर ठेवलं. मग अख्खा डावा पंजाच सोळाही चौकोनांवर आपटला. आतल्या दादाला त्याचं काहीच नव्हतं. तो मजेत वाजवत होता.

"हे कोण वाजवतंय?"

"पॅटर्न आहे, दादा," धाकटी म्हणाली. "आधीच भरून ठेवलेला. म्हणजे... आधाराला."

"आधाराला? मग माझ्या बोटांचा आवाज कुठाय?"

धाकटी नखं बघायला लागली.

"वायरींचा काही नेम नसतो," लांब्या म्हणाला. "परवा माझीच..."

"तू गप रे." दादाचा चेहरा पांढरा पडला होता. "कधीपासून? पहिल्यापासून? अगं, त्या दिवशी लोक उभे राहिले होते! तू रडलीस! मला वाटलं..."

हे तो बायकोला म्हणत होता. ती दोन पावलं पुढे आली. माइक हातातच होता, चालूच होता, हे तिच्या ध्यानात नव्हतं. त्यामुळे ती अगदी हळू बोलली तरी वर्गातल्या दोन्ही स्पीकरमधून, त्या नेमक्या पडणाऱ्या ठोक्यांच्या वरून, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"अहो, हात परत आलेला नाही. आता यायचाही नाही."