आमेनच्या आधी

शहरातून आलेल्या पाळकसाहेबांची प्रार्थना काही केल्या आटपेना. पोरांच्या ताटांतली खिचडी निवत चालली होती. पण मिशनची शिस्त अशी, की 'आमेन' झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही.

वाढणाऱ्या मार्थाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरत एक डोळा किलकिला केला. पुढच्या ओळीतली झिनी डोंगर उतरून उपाशीच आलेली. परवा अशीच हात जोडून बसली असताना तिला घेरी आली होती. आत्ताही डुलत होती. मार्थाबाईंचा जीव खालीवर होऊ लागला. मध्येच बोलावं, तर साहेबांचा अपमान. पोरांचं धान्य यायचं त्यांच्याच चर्चकडून. त्या खोकल्या. बांगड्या वाजवल्या. पाऊसपाण्यापासून निघालेले साहेब आता साऱ्या जगाच्या राज्यकर्त्यांपर्यंत पोचले होते.

झिनीचे जोडलेले हात सुटले.

"...आणि हे दयाळू बापा, भुकेल्या लेकरांना ताटकळत ठेवू नकोस—"

"आमेन!" मार्थाबाई ओरडल्या.

"आमेन!" पोरांनी छप्पर दणाणून सोडलं आणि ती ताटांवर तुटून पडली.

साहेबांनी दचकून डोळे उघडले. तोंड अजून उघडंच होतं.

झिनीला घास भरवत मार्थाबाई म्हणाल्या, "साहेब, ऐकली बघा देवानं."