अधिक सी

कॉलेजच्या यंदाच्या विषय निवडण्याच्या अर्जात प्रगत गणितासमोर 'जागा नाही' असं छापलं होतं. गेल्या वर्षी एकच जागा होती, ती मृण्मयीला मिळाली होती. निवृत्त होताना टिकेकर सरांनी आपलं सगळं कलनशास्त्र यंत्रातून तिच्या डोक्यात उतरवलं होतं. यंत्राला नक्कल करता येत नसे, एकाचं काढूनच दुसऱ्याला द्यावं लागे.

तेव्हापासून दर शनिवारी मृण्मयी सरांना शिकवायला त्यांच्या घरी जाई.

"बघ गं, जमलंय का," सरांनी वही पुढे केली.

"इंटिग्रेशन बरोबर आहे, सर. पण शेवटचा स्थिरांक, 'अधिक सी', परत राहिला."

सर ओशाळले. "किती वेळा सांगितलंस! माझ्या वर्गातली मुलंसुद्धा विसरायची का गं?"

"मी तर कायम विसरायचे. तुम्ही एकदाही रागावला नाहीत."

तिने लाल पेनने सी लिहिला, आणि सवयीने त्याच्या आत डोळ्याचा एक ठिपका दिला. सी हसऱ्या माशासारखा दिसू लागला.

सरांनी वही जवळ ओढून त्या माशावरून बोट फिरवलं.

"गणित आठवत नाही," ते हळूच म्हणाले, "पण हा मासा माझा आहे."