उस्तादाचा दम

हैदराबाद राज्य मोडलं, तसा तातेराव ज्यात वाजवायचे तो सरकारी बँडही मोडला. हातातली क्लॅरिनेट सरकारजमा झाली. मग एका दुपारी त्यांनी सुलतान बाजारातून जॅझची जुनी तबकडी आणून ग्रामोफोनवर लावली. तबकडीवरच्या बँडचा उस्ताद सॅक्सोफोन वाजवत होता. सूर नुसता मधात भिजलेला!

तातेरावांच्या बँडात कायदाच होता: उस्तादानं दम घेतला की मगच बाकीच्यांनी घ्यायचा. तातेराव सवयीनं छाती भरून थांबले.

उस्ताद दम घेईचना.

"अहो, तोंड काळंनिळं पडलंय! नक्को हे वाजवणं!" त्यांची बायको मालनबाई ओरडली. तिनं सुई उचलली. सूर थांबला.

तेव्हा ग्रामोफोनच्या भोंग्यानं एक लांब श्वास आत ओढला. दारावरचा पडदा भोंग्याकडे झुकला.

आणि तातेरावांचे रिकामे हात क्लॅरिनेट धरल्यासारखे वर गेले.