एकही बॅच नापास नाही

नमुन्याच्या बाटलीचं बूच बरोबर अर्धा फेरा सैल होतं. आत पीव्हीसीची पांढरी भुकटी होती, आणि पॉलिमर होताना तिच्यात अडकून राहिलेला विषारी वायू त्या फटीतून निघून चालला होता. तासाभराने तपासलं की मशीनवर वायूचा आकडा छान कमी यायचा. गुजरातमधल्या नंदेसरीच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत साहेबांच्या सांगण्यावरून मोहना पाच वर्षं हेच करत होती. 'आता बस' असं दर दिवाळीला ठरवून गप्प राहत होती. त्या भुकटीच्या सलाइनच्या नळ्या होत होत्या.

आज कॅन्टीनमध्ये तिचा सत्कार होता. "पाच वर्षांत एकही बॅच नापास नाही! मोहनाबेनच्या हाताला यश आहे हो," म्हणत साहेबांनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि तोंडात पेढा कोंबला. तिला त्यांच्या बोटांची किळस आली. स्वतःच्या बोटांची त्याहून जास्त आली.

"बे शब्द बोलो ने, बेन!" मागून कोणीतरी ओरडलं. साहेबांनी हसत माइक पुढे केला. तिने पेढा रुमालात थुंकला.



"माझे सगळे रिपोर्ट खोटे आहेत. पाच वर्षांतला माल परत मागवा."